स्पॅनिश ‘ईर’ : एका क्रियापदाची तीन कुळे

व्युत्पत्तिविचारात ‘मूळ’ हा शब्द आपण बहुधा एकवचनीच वापरतो. प्रवाहाच्या उलट चालत गेल्यास शेवटी एकच उगम सापडेल, असे त्यात गृहीत असते. ‘जाणे’ या अर्थाचे स्पॅनिश क्रियापद ‘ईर’ हे गृहीतक टिकू देत नाही. ‘ईर’ हे मूळ रूप आणि ‘इबा’ (जात असे) ही लॅटिन ‘ईरे’ची; ‘वोय’ (जातो) हे ‘वादेरे’चे; ‘फुई’ (गेलो) तर चक्क ‘असणे’ या अर्थाच्या ‘एस्से’चे.

पहिल्या दोन कुळांच्या संबंधामागे ध्वनिक्षय आहे. ‘ईरे’ची वर्तमानकाळी एकवचनी रूपे अतिशय तोकडी, एकवचनी आज्ञार्थ तर नुसता ‘ई’. इ. स. ३८२ नंतर जेरोमने संस्कारिलेल्या लॅटिन शुभवर्तमानांत एकाला ‘जा’ म्हणताना ‘वादे’ येते, अनेकांना म्हणताना मात्र ‘ईते’. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘इमोस’ (आम्ही जातो) हे रूप तग धरून होते आणि ‘ईते’चा वंशज ‘इद’ स्पेनमध्ये अजून आज्ञार्थी आहे. म्हणजे ‘वादेरे’ने ‘ईरे’ला सरसकट हुसकावले नाही, जेथे रूप झिजून दुबळे झाले, तेथे ते आधी शिरले.

‘फुई’चे कोडे अधिक मोलाचे, कारण तेथे अर्थच सरकला आहे. पेट्रोनियसच्या ‘सातिरिकॉन’मधील (इ. स. १ले शतक) मेजवानीत एक पाहुणा अंत्यविधीला गेल्याचे सांगताना ‘असणे’चा भूतकाळ वापरतो, पण नामाला गतिवाचक द्वितीया लावतो. मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. ‘काल पुण्याला होतो’ आणि ‘काल पुण्याला गेलो’ यांतला ‘ला’ एकच; तेथे असणे हा तेथे गेल्याचाच परिणाम. मराठीने मात्र ‘होतो’ आणि ‘गेलो’ यांतील सीमा पुसली नाही. (एरवी आपले ‘जाणे’ही एककुळी नाही : ‘जा’ संस्कृत ‘या’चा, ‘गेला’ ‘गत’चा.) स्पॅनिशमध्ये ‘फुई’ म्हणजे ‘होतो’ही आणि ‘गेलो’ही, निवाडा संदर्भ करतो.

१९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांतील एककालिक आणि कालक्रमिक दृष्टींचा भेद येथे कसोटीला लागतो. बोलणाऱ्याजवळ एकच क्रियापद आहे, इतिहासकाराजवळ तीन. आणि ‘खरे’ क्रियापद कोणते, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. पोर्तुगीजने ‘फुई’चा हाच मार्ग धरला. फ्रेंचने ‘ईरे’ आणि ‘वादेरे’ ठेवून तिसरे कूळ ‘अले’कडून आणले, आणि त्या ‘अले’च्या मुळाविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.