जाहिरातीला कर्ता मिळतो तेव्हा

दूरचित्रवाणीवरील जाहिरात ही मुळात कोणी न मागितलेली गोष्ट. १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी केंद्राने बेसबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वी बुलोव्हा घड्याळाची १० सेकंदांची जाहिरात दाखवली. दूरचित्रवाणीवरची ती पहिली अधिकृत जाहिरात मानली जाते. कंपनीने तिच्यासाठी ९ डॉलर मोजले होते. प्रेक्षक बसले होते ते सामन्यासाठी. आपल्याकडे दूरदर्शनने १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घ्यायला सुरुवात केली, तेव्हाही त्या कार्यक्रमांच्या आधाराने, आगंतुकासारख्याच घरात शिरल्या. मग हीच आगंतुक वस्तू महोत्सवातील अंधाऱ्या सभागृहात एकाग्रतेने पाहण्याची रीत कशी पडली?

या रीतीचा उगम दूरचित्रवाणीत नसून चित्रपटगृहात आहे. युरोपात चित्रपटापूर्वी पडद्यावर जाहिराती दाखवण्याची कंत्राटे घेणारे व्यावसायिक होते. कानच्या चित्रपट महोत्सवाचा थाट पाहून, आपल्या छोट्या चित्रपटांनाही असा मान मिळावा असे त्यांना वाटले. १९५४ साली त्यांच्या संघटनेने व्हेनिसमध्ये पहिला जाहिरातपट महोत्सव भरवला. १४ देशांतून १८७ चित्रपट आले. पारितोषिकासाठी व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला सिंह निवडला गेला. पुढे महोत्सव व्हेनिस आणि कान यांच्यात फिरत राहिला आणि १९८४ पासून कानमध्ये स्थिरावला. गाव बदलले तरी सिंह तोच राहिला. दूरचित्रवाणीच्या जाहिराती या घरात मागाहून आल्या आणि लवकरच घरच्या झाल्या.

कानमध्ये जाहिराती पाहणारे मुख्यतः त्याच व्यवसायातले होते. सामान्य प्रेक्षकांसाठी वेगळी वाट निघाली ती पॅरिसमध्ये. जाहिरातपटांचा संग्रह करणाऱ्या जाँ-मारी बुर्सिको यांनी १९८१ साली तेथे रात्रभर केवळ जाहिराती दाखवण्याचा खेळ सुरू केला. त्याच्या फ्रेंच नावाचा आशय ‘जाहिरातभक्षकांची रात्र’ असा आहे. घरी ज्यांना टाळायचे, त्यांच्यासाठी येथे लोक तिकीट काढून जागू लागले.

या प्रवासात जाहिरातीने काय मिळवले आणि काय गमावले, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. मिळवला तो कर्ता. दूरचित्रवाणीवर जाहिरात बहुधा निनावी असते. तिला श्रेयनामावली नसते. ‘अंकुर’पूर्वी श्याम बेनेगल यांनी मुंबईच्या जाहिरातसंस्थेत कित्येक वर्षे काम केले, पण त्या काळच्या त्यांच्या जाहिराती पाहणाऱ्यांना दिग्दर्शकाचे नाव कळण्याची सोय नव्हती. महोत्सवाने ते नाव पडद्यावर आणले.

आणि गमावला तो संदर्भ. अलीकडे एका महोत्सवात अशा निवडक जाहिरातींचा खेळ आम्ही पाहिला. त्यात फेव्हिकॉलची बसची जाहिरात होती. प्रसून पांडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या जाहिरातीला २००२ साली कानचा रौप्यसिंह मिळाला होता. ओसाड, खडबडीत रस्त्यावर माणसांनी आतबाहेर लगडलेली बस हिंदकळते. एकही माणूस पडत नाही. शेवटी बसच्या पाठीवरची फेव्हिकॉलची पाटी दिसते. सभागृह हसले. पण हीच जाहिरात घरी पुन्हापुन्हा भेटली होती. त्या पुनरावृत्तीचे काम हसवून संपणारे नव्हते. दुकानात उभे राहिल्यावर तेच नाव ओठांवर यावे, यासाठी ती होती. महोत्सवात ती एकदाच दिसते, म्हणून निरागस वाटते.

मराठीच्या वर्गात हा पेच नवा नाही. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर इ.स. ६३४ मधील रविकीर्तीचा शिलालेख आहे. त्यात पुलकेशीच्या पराक्रमाची स्तुती आहे आणि त्याच लेखात रविकीर्ती स्वतःला कालिदास व भारवी यांच्या पंक्तीत बसवतो. आश्रयदात्याची कीर्ती गाता गाता त्याने आपलीही कोरून ठेवली. आज आपण त्या श्लोकांचे काव्यगुण पाहतो, आणि त्याच वेळी राजाची स्तुती तेथे का कोरली गेली हेही विचारतो. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

जाहिरातीच्या वाचनालाही हीच शिस्त हवी. जाहिरातीत कला नाही, असे म्हणणारा समीक्षक आळशी. आणि महोत्सवात दिसली तेवढीच जाहिरात खरी मानणारा भाबडा. विद्यार्थ्यांनी जाहिरातपट जरूर अभ्यासावेत: त्यांतला शब्दांचा काटकसरी वापर, अर्ध्या मिनिटात उभे राहणारे कथानक, शेवटच्या क्षणी होणारा उलगडा. मात्र प्रत्येकीपुढे तीन प्रश्न ठेवावेत: ती कोणत्या कार्यक्रमाच्या मध्ये दाखवली गेली, किती वेळा, आणि त्या जागेचे पैसे कोणी मोजले? सिंहाच्या पुतळ्यावर या प्रश्नांची उत्तरे कोरलेली नसतात. ती आपल्यालाच शोधावी लागतात.