‘ऑफर’ आली म्हणजे जागा पक्की झाली का? अमेरिकेत कॉलेज फुटबॉलसाठी शाळकरी खेळाडू कसे निवडले जातात?

१५ डिसेंबर २०२१. अमेरिकेतल्या शाळकरी फुटबॉलपटूंच्या अनेक याद्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर असलेला ट्रॅव्हिस हंटर त्या दिवशी आपलं कॉलेज जाहीर करणार होता. उत्तर काय असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कारण फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीला त्याने २०२० मध्येच शब्द दिला होता.

पण ऐनवेळी त्याने नाव घेतलं जॅक्सन स्टेटचं. हे विद्यापीठ फुटबॉलच्या खालच्या श्रेणीत खेळणारं आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची ऐतिहासिक परंपरा असलेलं. तिथे तेव्हा प्रशिक्षक होते डिऑन सँडर्स, म्हणजे फ्लोरिडा स्टेटचेच जुने स्टार खेळाडू.

चाहत्यांना धक्का बसला. पण हंटरने कोणताही नियम मोडला नव्हता. कारण त्याने दिलेला शब्द, शब्दच होता. करार नव्हता.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची भरती, म्हणजेच ‘रिक्रूटिंग’, समजून घ्यायची असेल तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापासून ते कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या प्रशिक्षकापर्यंत सगळे एकमेकांना शब्द देत असतात. त्यातला कोणता शब्द पाळणं बंधनकारक आहे, हे मात्र फार उशिरा ठरतं.

कॉलेजच्या संघाला एवढं महत्त्व का?

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा नव्हे, तर हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. त्याची सर्वोच्च व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. या लीगमध्ये यायचं तर हायस्कूल संपून किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. ही तीन वर्षं घालवण्याची मुख्य जागा म्हणजे कॉलेज. युरोपातल्या सॉकर क्लबसारख्या अकादम्या इथे नाहीत.

कॉलेजचे सामनेही छोटे नसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजार ६०१ आहे. अमेरिकेत लाखाहून जास्त क्षमतेची जी स्टेडियम आहेत, ती सगळी कॉलेज संघांची आहेत. जॉर्जिया विद्यापीठाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांचा २०२४ मध्ये वाढवलेला करार वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरचा आहे.

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, काही कॉलेजांत क्रीडा कोटाही असतो. तिथे गणित वेगळं आहे. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं विद्यापीठ देतं. मोठ्या खासगी विद्यापीठांचा हा खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. त्यामुळे अनेक घरांसाठी फुटबॉल हा शिक्षणाचा खर्च भागवण्याचाही मार्ग असतो.

पण रांग मोठी आहे. अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या आकडेवारीनुसार, त्यातली साधारण ७ टक्के मुलं तिच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेज संघात खेळतात. सर्वांत वरच्या विभागात जेमतेम ३ टक्के पोहोचतात.

मुलं शोधली कशी जातात?

आयपीएलसारखा इथे लिलाव नसतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये संघ खेळाडू निवडतो, इथे मात्र शेवटी खेळाडू कॉलेज निवडतो. म्हणून प्रशिक्षकांना मुलांच्या मागे लागावं लागतं.

सुरुवात बहुतेक वेळा व्हिडिओपासून होते. शाळेचे सामने चित्रित होतात, मुलं त्यातले आपले चांगले क्षण कापून चार-पाच मिनिटांची फीत बनवतात आणि ती कॉलेजांना पाठवतात, सोशल मीडियावर टाकतात. उन्हाळ्यात विद्यापीठांची शिबिरं असतात. तिथे प्रशिक्षक मुलांची उंची, वजन, वेग आणि शिकवलेलं किती पटकन उचलतात, हे प्रत्यक्ष पाहतात.

याच्या जोडीला ‘स्टार’ देणाऱ्या वेबसाइट आहेत. २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन अशा ठिकाणी खेळाडूंना पाच स्टारपर्यंत मानांकन मिळतं. २४७स्पोर्ट्स दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच स्टार देते. एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जेवढे खेळाडू निवडले जातात, तोच हा आकडा. थोडक्यात, एका अठरा वर्षांच्या मुलाचं तीन-चार वर्षांनंतरचं भविष्य आधीच वर्तवण्याचा हा प्रयत्न असतो.

तो चुकतोही. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला कॅम वॉर्ड शाळेत असताना जवळपास कुणाच्या यादीत नव्हता. त्याची सुरुवात इनकार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठातून झाली.

प्रशिक्षक मुलांना कधीही भेटू शकतात का?

नाही. एनसीएएचं यासाठी वर्षभराचं कॅलेंडर असतं. त्याचे चार प्रकार:

• संपर्काचा काळ: प्रशिक्षक मुलाच्या घरी किंवा शाळेत जाऊन त्याच्याशी आणि पालकांशी बोलू शकतात.
• पाहणीचा काळ: शाळेत जाऊन खेळ पाहता येतो, पण कॅम्पसबाहेर भरतीची बोलणी करता येत नाहीत.
• शांत काळ: समोरासमोर भेट फक्त विद्यापीठाच्या कॅम्पसवर.
• बंद काळ: प्रत्यक्ष भेट कुठेच नाही. फोन आणि मेसेज मात्र चालतात.

कॅम्पसला भेट देण्याचेही दोन प्रकार आहेत. ‘अधिकृत’ भेटीचा खर्च विद्यापीठ करतं, ‘अनधिकृत’ भेटीचा खर्च कुटुंबाने करायचा. अधिकृत भेटी पाचच घेता येतील, ही जुनी मर्यादा २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

अभ्यासाची अटही आहे. सर्वोच्च विभागात खेळण्यासाठी हायस्कूलमधले १६ मुख्य विषय पूर्ण करावे लागतात आणि त्यात ४ पैकी किमान २.३ सरासरी गुणांक लागतो. मैदानावर कितीही चमक दाखवली, तरी इथे अडकलेला मुलगा पहिल्या वर्षी सामना खेळू शकत नाही.

मग ‘ऑफर’ म्हणजे नेमकं काय?

सोशल मीडियावर अशा पोस्ट सतत दिसतात: ‘अमुक विद्यापीठाकडून ऑफर मिळाली, देवाचे आभार.’ कधी कधी पोस्ट टाकणारा मुलगा नववीत असतो.

पण विद्यापीठाला शिष्यवृत्तीचा अधिकृत लेखी प्रस्ताव मुलाच्या बारावीच्या वर्षी १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही. त्याआधीची प्रत्येक ऑफर तोंडी असते. प्रशिक्षक ती मागे घेऊ शकतो. त्याच जागेसाठी दुसरा, जास्त चांगला मुलगा सापडला, तर फोन येणं हळूहळू बंद होतं.

मुलाने दिलेला होकारही तसाच तोंडी. त्याला ‘कमिटमेंट’ म्हणतात. तो मोडून दुसरीकडे जाण्याला ‘फ्लिप’ म्हणतात. हंटरने तेच केलं.

दोन्ही बाजूंना मोकळीक असली तरी दोघांचं नुकसान सारखं नसतं. विद्यापीठाच्या यादीत एकेका जागेसाठी अनेक नावं असतात. मुलाच्या हातात एखादीच ऑफर असू शकते.

एनएफएलचा आजचा स्टार क्वार्टरबॅक जॉश ॲलन याला हायस्कूलनंतर वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातला हा मुलगा आधी रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला. तिथून त्याने देशभरातल्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले. शेवटी दोन ऑफर आल्या, वायोमिंग आणि ईस्टर्न मिशिगन. तो वायोमिंगला भेट देऊन आला आणि ईस्टर्न मिशिगनने आपली ऑफर मागे घेतली. उरली एक. वायोमिंगकडून खेळून तो २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला.

सही झाल्यावर तरी जागा पक्की होते का?

बऱ्याच अंशी. पूर्वी फेब्रुवारीचा पहिला बुधवार हा सह्यांचा मोठा दिवस असायचा. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सही करता येऊ लागली आणि आता बहुतेक मुलं डिसेंबरमध्येच सही करतात. १९६४ पासून चालत आलेलं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे पत्र २०२४ मध्ये रद्द झालं. त्याऐवजी आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते. ती झाली की इतर विद्यापीठांना त्या मुलाच्या मागे लागता येत नाही.

मात्र हा करार विद्यापीठाशी असतो, प्रशिक्षकाशी नाही. घरी येऊन आई-वडिलांना भरवसा देणारा प्रशिक्षक महिनाभरात दुसरीकडे गेलेला असू शकतो.

ज्युलियन सेयिन या क्वार्टरबॅकने डिसेंबर २०२३ मध्ये अलाबामा विद्यापीठाशी सही केली. १० जानेवारी २०२४ ला तिथले प्रख्यात प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले. सेयिन त्याच महिन्यात ओहायो स्टेटला गेला.

त्याला हे करता आलं ते ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या नोंदवहीत नाव टाकलं की दुसरी विद्यापीठं त्या खेळाडूशी बोलू शकतात. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्याला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये ही अट एका बदलापुरती शिथिल झाली आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या तर कितीही वेळा बदल करता येतो.

शाळकरी मुलांसाठी मात्र ही दुधारी तलवार ठरली. प्रशिक्षकाला आता अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं घडवत बसायची गरज राहिलेली नाही. तो पोर्टलमधून एकवीस वर्षांचा तयार खेळाडू आणू शकतो. त्यात २०२५ पासून नव्या व्यवस्थेतल्या विद्यापीठांना संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवण्याची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्त्या ८५ च होत्या, पण स्वखर्चाने येणाऱ्या मुलांना धरून अनेक संघ याहून मोठे असायचे. आता त्या मुलांसाठीही जागा कमी झाल्या आहेत.

पैशांचं काय?

अनेक दशकं खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे देणं हा गुन्ह्यासारखा प्रकार मानला जायचा. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी गुप्त निधीतून १३ खेळाडूंना सुमारे ६१ हजार डॉलर दिल्याचं उघड झालं. विद्यापीठावर आधीच कारवाई झालेली असतानाही हे सुरू होतं. म्हणून एनसीएएने १९८७ चा त्यांचा संपूर्ण हंगाम रद्द केला.

चित्र बदललं ते २०२१ मध्ये. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. पुढे ६ जून २०२५ ला ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. त्यानुसार एक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं.

पैसे कायदेशीर झाले, तसे शब्दांचे वादही कोर्टात जाऊ लागले. कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक जेडन रशाडा याने आधी मायामीला होकार दिला होता. मग तो फ्लोरिडा विद्यापीठाकडे वळला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथे सही केली. त्याला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरच्या कराराचं आश्वासन मिळालं होतं आणि ते पाळलं गेलं नाही, असा त्याचा आरोप आहे. फ्लोरिडाकडून एकही सामना न खेळता तो बाहेर पडला. मे २०२४ मध्ये त्याने तेव्हाचे प्रशिक्षक बिली नेपियर आणि इतरांवर फसवणुकीचा दावा दाखल केला.

या रकमा वाचून प्रत्येक मुलगा करोडपती होतो असं वाटू शकतं. प्रत्यक्षात मोठे आकडे मोजक्या खेळाडूंच्या वाट्याला येतात.

पालकांनी काय विचारायला हवं?

प्रशिक्षक घरी येतात, तेव्हा गप्पा होतात स्टेडियमच्या, ट्रॉफींच्या आणि एनएफएलच्या. अशा वेळी काही साधे प्रश्न जास्त उपयोगी पडतात:

• ही ऑफर आज स्वीकारली तर चालेल, की आधी आणखी कुणाच्या उत्तराची वाट पाहिली जाते आहे?
• याच जागेसाठी आणखी किती मुलांना ऑफर दिली आहे?
• शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पूर्ण शिक्षणाची?
• दुखापत झाली तर शिष्यवृत्ती आणि उपचारांचं काय?
• जे पैसे सांगितले जात आहेत ते कोण देणार, आणि ते करारात लिहिलेले आहेत का?
• उद्या तुम्ही हे विद्यापीठ सोडलं, तर यातलं काय शिल्लक राहील?

शेवटचा प्रश्न विचारायला सगळ्यात अवघड. पण प्रशिक्षक गेल्यावर मुलाच्या हातात तेवढंच उरतं, जे कागदावर लिहिलेलं असतं.