वाटसरूंचे छत्र : बेंगळुरूहून तंजावरपर्यंत

बेंगळुरूच्या इंदिरानगरात आज कोणी ‘जवळपास छत्र कोठे आहे?’ असे विचारले, तर त्याला बहुधा एखाद्या मंगल कार्यालयाचा पत्ता सांगितला जाईल. कन्नडमधील ‘छत्र’ आणि तमिळमधील ‘कल्याण छत्रम्’ या शब्दांना आता लग्नमुंजीच्या वऱ्हाडाचा अर्थ चिकटला आहे. शहराच्या इंग्रजी वळणाच्या बोलीत याच जागेला ‘चौल्ट्री’ म्हणतात. हा शब्द ऐकताना तो आपल्या नात्यातला असेल अशी शंकाही मराठी माणसाला येत नाही. परंतु मद्रासच्या इंग्रजांनी तेलुगू-तमिळमधील ‘चावडी’चा उच्चार आपल्या जिभेला मानवेल तसा वाकवला आणि त्याचे ‘चौल्ट्री’ झाले. मराठी खेड्यात चावडीवर पाटील-कुलकर्णी बसले, दक्षिणेत तेथे वाटसरू झोपले. शब्द मात्र एकच राहिला.

दुसरा शब्द ‘छत्र’. मराठीत तो मुख्यतः ‘अन्नछत्र’ या रूपात उरला आहे. ज्या संस्थेला दक्षिणेत छत्र म्हणत, तेथे अन्न होते, रात्रीचा आसरा होता आणि पुष्कळ ठिकाणी वैद्य व शिक्षकही होता. या संस्थेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण मराठ्यांनी लिहिले आहे, आणि त्याचा आरंभ बेंगळुरूतून होतो.

इंदिरानगर ही वसाहत फार जुनी नव्हे. आखीव रस्त्यांची ही वस्ती १९७० च्या दशकात आकाराला आली व तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पण तिच्या सभोवतालची गावे जुनी आहेत. एका अंगाला सोमेश्वराच्या देवळाचे हलसूरू, दुसऱ्या अंगाला चोळकालीन तमिळ शिलालेख सांभाळणारे दोम्मलूरचे चोक्कनाथस्वामी मंदिर, आणि उत्तरेकडून जाणारा जुना मद्रास रस्ता. हा रस्ता होसकोटे आणि कोलारकडे जातो. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतल्यानंतर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तीत बेंगळुरूबरोबर होसकोटे आणि कोलारही होते. आज ज्या रस्त्यावर संगणक-अभियंत्यांच्या गाड्या तासन् तास तुंबून राहतात, त्या दिशेने तेव्हा मराठी स्वारांची ये-जा होती.

शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. कर्नाटकातील जहागिरीचा कारभार त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे आला. १६७५-७६ च्या सुमारास एकोजी बेंगळुरूहून दक्षिणेला उतरले, तंजावर त्यांच्या ताब्यात आले आणि ते तेथेच स्थिरावले. बेंगळुरू पुढे हातचे गेले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने ते घेतले आणि तीन लक्ष रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे दिले. हा सौदा मराठी पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. तंजावरात मात्र भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत चालले. मराठी माणसाने आपल्या प्रदेशाबाहेर, परभाषेच्या मुलखात, इतका काळ घर केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तंजावरच्या राजांना एक गोष्ट भूगोलानेच नेमून दिली होती. काशीची गंगा कावडीने रामेश्वरास न्यायची आणि सेतूची वाळू काशीस परत आणायची, ही भारतभरच्या यात्रेकरूंची प्रथा. आणि रामेश्वराकडे जाणारी एक मोठी वाट तंजावर प्रांतातून, ओरत्तनाडू-पट्टुकोट्टैवरून समुद्रकाठाने जात असे. त्या वाटेने दरसाल पायी चालणारे हजारो लोक येत. त्यांना पावसात आडोसा, उन्हात पाणी आणि दोन घास देणे हे राजधर्माचे अंग मानले गेले. अठराव्या शतकात या वाटेवर व इतरत्र एकामागून एक छत्रे उभी राहिली. त्यांची नावे वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ती बहुतांश राजघराण्यातील स्त्रियांची आहेत : यमुनांबा, सुलक्षणांबा, द्रौपदांबा, मोहनांबा. राजांच्या नावाने किल्ले आणि पेठा, राण्यांच्या नावाने अन्न आणि निवारा, अशी ही वाटणी होती. तिच्याकडे आजच्या दृष्टीने पाहिले, तर कौतुकाबरोबर थोडे हसूही येते.

या छत्रांत नेमके काय चाले, हे सांगणारा उत्तम पुरावा अडचणीच्या काळात लिहिला गेला. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या ऑक्टोबरात, ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा मुलकी कारभार त्यांच्या हातून गेला. तंजावरचा किल्ला, वसुलाचा पाचवा हिस्सा आणि सालीना एक लक्ष होन एवढेच राजाकडे राहिले. आता छत्रांना लावून दिलेल्या जमिनींचे काय, हा प्रश्न उभा राहिला. कंपनीच्या हिशेबी दृष्टीला तो खर्च होता. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहून छत्रांची व्यवस्था सविस्तर कळवली आणि ती चालू राहावी, असा आग्रह धरला. सैन्य गेले, वसूल गेला, न्यायदान गेले. तेवीस-चोवीस वर्षांच्या या राजाने त्या पडझडीत वाटसरूच्या ताटासाठी भांडण मांडले, ही बाब इतिहासाने अधिक ठळकपणे नोंदवायला हवी होती.

त्या पत्रातील तपशील मोठा बोलका आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि जोगी, जंगम, बैरागी यांच्यासह येईल त्या प्रवाशाला शिजवलेला भात मिळे. ज्याला शिजवलेले चालत नसे, त्याला तांदूळ व मसाल्याचा कोरडा शिधा. हे अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी झोपले असेल तर त्याने उठून जेवून घ्यावे, असे पुकारले जाई. काही कारणाने ज्याला पुढे जाता येत नसे, तो थांबेल तितके दिवस त्याचे जेवण चाले. आजारी पडलेल्याला बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न. छत्रात वेदांचे अध्यापक असत, मुलांना शिकवणारे पंतोजी असत. रोग, सूज आणि सर्पदंशावर उपचार करणारे वैद्य असत. गर्भवती स्त्री वाटेत अडली, तर तिच्या बाळंतपणाचा खर्च छत्राचा आणि त्यानंतरही काही महिने तिने राहावे अशी मुभा. तान्ह्या मुलांना दूध. वाटेतच ज्यांचे आईबाप गेले, अशी परमुलखातील पोरकी मुले पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांचे जेवण, कपडे, अभ्यंगस्नान आणि शिक्षण छत्र पाही. वाटसरू मरण पावला, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याची उत्तरक्रियाही होई.

मध्यरात्रीच्या त्या घंटेपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. दान देणारा सामान्यतः मागणाऱ्याची वाट पाहतो. येथे न मागता झोपी गेलेल्या माणसाला उठवण्याची तजवीज नियमाने केलेली होती.

प्रवाशाला आसरा देण्याची व्यवस्था जगभर निर्माण झाली, परंतु तिचे हेतू निरनिराळे होते. मोरोक्कोतील फेस व मराकेश या जुन्या शहरांत ‘फंदुक’ नावाच्या इमारती आहेत. मधोमध उघडा चौक, तळमजल्यावर उंट-खेचरे आणि मालाची कोठारे, वरच्या मजल्यांवर व्यापाऱ्यांच्या खोल्या. हा शब्द मुळात ग्रीक, ‘सर्वांना स्वीकारणारे’ अशा अर्थाचा; पण स्वीकार होई तो मुख्यतः व्यापारासाठी आणि भाडे घेऊन. फेसमधील अठराव्या शतकातील अन-नज्जारीन फंदुकात आता लाकूडकामाचे संग्रहालय आहे. त्याच शहरांतील ‘रियाद’ म्हणजे आतल्या अंगणात बाग व कारंजे असलेली श्रीमंतांची घरे. रस्त्याकडे त्यांची नुसती उंच भिंत, सौंदर्य सारे आत. अलीकडच्या काही दशकांत अशी पुष्कळ घरे अतिथिगृहे झाली आणि परदेशी पाहुणे पैसे मोजून त्या चौकात पुदिन्याचा चहा घेतात. पुण्या-वाईच्या चौसोपी वाड्यात वाढलेल्याला ही रचना परकी वाटणार नाही. फंदुकात मालाला जागा होती, रियादमध्ये कुटुंबाला. ज्याच्याजवळ मालही नाही आणि ओळखही नाही, अशा माणसाला समोर ठेवून बांधलेली वास्तू म्हणजे छत्र.

तरीही छत्रांचे चित्र केवळ उजळ रंगात रंगवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्वांना अन्न मिळे, याचा अर्थ सर्व एका पंक्तीला बसत असा नव्हे. कोरड्या शिध्याची सोय ही पुष्कळशी सोवळ्याचीच सोय होती. शिवाय अन्नछत्राचे यजमान आणि पाहुणे यांचे नाते नेहमीच गोड राहिले असेल, असेही नाही. ‘अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची’ ही म्हण काही उगाच जन्मली नसावी. एखाद्या वैतागलेल्या आचाऱ्याचेच ते उद्गार असावेत.

छत्राचा शिक्षणाशी असलेला संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो ओरत्तनाडू येथे. तंजावरपासून २०-२५ किलोमीटरवरील या गावी १८०२ च्या सुमारास सरफोजींनी मुक्तांबेच्या नावाने छत्र बांधले. मुक्तांबा ही त्यांची विवाहित राणी नव्हती. ती त्यांची प्रिय सहचरी होती आणि अकाली वारली. तिच्या नावाने गावालाही मुक्तांबाळपुरम् म्हणू लागले. या छत्राला जोडून शाळा चालली, आणि ती केवळ वेदपाठशाळा नव्हती. तेथे तमिळ, तेलुगू, मराठी व इंग्रजीही शिकवली जाई. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या सरफोजींना नव्या विद्येची ओढ होती. त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली तेथून इसापनीतीचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. मुंबई-पुण्यात मराठी पाठ्यपुस्तकांचा विचार सुरू होण्यापूर्वीच कावेरीकाठच्या मुलांसाठी मराठी गोष्टींचे छापील पुस्तक तयार झाले होते! मराठी शाळेच्या इतिहासाची सुरुवात कोठून करावी, याचा विचार करताना तंजावर वगळून चालणार नाही.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो राज्यकारभाराचा विषय ठरवून हात झटकले. छत्रे व त्यांच्या जमिनी कालांतराने जिल्हा प्रशासनाखाली गेल्या. रेल्वे आली, पायी यात्रा ओसरली, मुक्कामाची गरजच उरली नाही. काही वास्तू पडल्या, काही कचेऱ्या झाल्या. ओरत्तनाडूच्या छत्रात पुढे विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय झाली. वाटसरू गेला आणि त्याच्या जागी विद्यार्थी आला.

हाच बदल बेंगळुरूतही दिसतो. गुब्बीचे व्यापारी तोटदप्पा यांनी १८९७ मध्ये रेल्वे स्थानकाजवळ धर्मछत्र उघडले. पायवाटेऐवजी लोहमार्गाच्या तोंडाशी जागा निवडण्यात त्यांची दूरदृष्टी होती. छत्राबरोबर त्यांनी विद्यार्थी वसतिगृहही काढले. गावाकडून शिक्षणासाठी राजधानीत आलेला मुलगा हाही वाटसरूच, फक्त त्याचा मुक्काम काही वर्षांचा, हे त्यांनी ओळखले होते. म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना ‘धर्मप्रवर्त’ ही पदवी दिली. ते १९१० मध्ये वारले. छत्र आजही चालू आहे.

महाराष्ट्रात या परंपरेला सर्वांत खणखणीत वळण दिले ते गाडगेबाबांनी. पंढरपुरात शतकानुशतके धर्मशाळा होत्या, परंतु ज्यांना देवळाची पायरीही वर्ज्य होती त्यांना धर्मशाळेचा उंबरठा कसा खुला असणार? बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. सरफोजींच्या छत्राने जो प्रश्न शिध्याच्या आड ठेवला होता, तो येथे उघडपणे सोडवला गेला; आणि ती वास्तूही अखेर विद्यार्थ्यांच्याच उपयोगाची ठरली.

तंजावरच्या भोसल्यांनी आपल्या कुळाचा वृत्तान्त १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवला. तो दगडात आहे, म्हणून टिकला. त्यांच्या कारभाराचे दैनंदिन हिशेब मात्र मोडी लिपीतील कागदांच्या गठ्ठ्यांत आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयातील अशा कागदांपैकी निवडक कागदांची भाषांतरे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केली, ती तमिळमध्ये. मराठीत लिहिलेले ते दफ्तर वाचण्यासाठी मराठी अभ्यासकाला आज आधी तमिळ शिकावी लागेल, नाहीतर मोडी. मोडी शिकणे तुलनेने सोपे आहे; मराठी येणाऱ्या विद्यार्थ्याला काही आठवड्यांच्या सरावाने ती लिपी वाचता येऊ लागते.