फॅक्टरी की वखार?

मंडळी, 'इंग्रजांनी १६१३ मध्ये सुरतेला फॅक्टरी काढली' असं वाक्य इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या वाचनात येतं. मुलं लगेच चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर आणतात. त्यांचा काय दोष? शब्द तोच, पण त्या फॅक्टरीत काहीच तयार होत नव्हतं!

मूळ शब्द 'फॅक्टर'. लॅटिनमध्ये अर्थ 'करणारा', म्हणजे मालकाच्या वतीनं व्यवहार करणारा अडत्या. ईस्ट इंडिया कंपनीत पोरगा आधी 'रायटर' म्हणजे कारकून व्हायचा, मग फॅक्टर, मग मर्चंट. हे फॅक्टर जिथं राहत, जेवत, माल साठवत, ती फॅक्टरी. कापड विणलं जाई विणकराच्या घरी, दलालामार्फत आगाऊ उचल देऊन. आपल्या जुन्या मंडळींनी याला 'वखार' म्हटलं, ते अगदी चपखल. (लाकडाची वखार आपण अजून म्हणतोच, आणि वखार महामंडळही आहे.)

पण नुसतं गोदाम समजूनही चालणार नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि वर आपलं निशाण फडकवून गडावर मारा केला. व्यापाऱ्याला हे उद्योग कुणी सांगितले होते? १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरावर चाल केली, वखार लुटली, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद केलं. काही जण १६६३ पर्यंत अडकून पडले होते. त्या लुटीच्या भरपाईचं घोंगडं इतकं भिजत पडलं की १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झिंडेनही तीच बोलणी करत होता.

'कारखाना' हा अर्थ पुढे यंत्रांबरोबर रुळला. मुंबईत कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानात 'फॅक्टरी'चा कायदा झाला तो गिरणी कामगारांसाठी. दरम्यान, पहिल्या फॅक्टरीनं ज्याचं कापड विलायतेला नेलं, त्याच विणकराचा माग मँचेस्टरच्या दुसऱ्या फॅक्टरीनं बंद पाडला होता.

असो. नातवंडांच्या पुस्तकात हे वाक्य आलं, तर तिथं पेन्सिलीनं 'वखार' लिहून द्या.