पायाच्या शिरांवरील सौंदर्यलेझर : अपेक्षाभंगाची कारणे

मांड्या, पोटऱ्या आणि घोट्यांच्या आसपास कातडीलगत दिसणाऱ्या बारीक लाल, निळ्या वा जांभळ्या शिरा घालवण्यासाठी बाहेरून लेझर किरण देण्याचा उपचार. उपचारानंतर शिरा तशाच राहणे, शेजारी नव्या उमटणे किंवा शिरेच्या जागी काळपट पट्टा येणे या त्यासंबंधीच्या नेहमीच्या तक्रारी. नाकावरच्या वा गालावरच्या बारीक शिरांना लेझर चांगला लागू पडतो. पायांच्या बाबतीत तो तितका भरवशाचा नाही आणि बारीक शिरांसाठी आजही बहुतेक तज्ज्ञ आधी शीर बुजवणाऱ्या इंजेक्शनचाच विचार करतात.

घोटाळ्याचे एक मूळ जाहिरातीत आहे. ‘लेझरने व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या गाठाळ शिरा) बऱ्या’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुधा तो निराळाच उपचार असतो. त्यात सोनोग्राफीच्या मदतीने मोठ्या शिरेच्या आत बारीक तंतू सरकवून ती शीर आतून भाजून बंद करतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये झडपा निकामी झालेल्या मोठ्या शिरांसाठी अशा आतून उष्णता देणाऱ्या उपचारांना पहिली पसंती दिली. त्याची ख्याती ऐकून आलेल्या माणसाच्या पायावर कातडीवरून लेझर मारला गेला, तर त्याच्या हाती निराशाच येणार.

कातडीवरच्या लेझरमागील तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, शीर आतून तापते, तिची भिंत होरपळते आणि पुढे शरीर ती हळूहळू नाहीशी करते. पायात मात्र शिरा खोलवर असतात, भिंती जाड असतात आणि जाडीही एकसारखी नसते. शिवाय वरून रक्ताचा दाब असतो : स्थिर उभ्या माणसाच्या पावलाजवळच्या शिरांत तो सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो. चालू लागले की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब बराच उतरतो, पण झडपा शाबूत असतील तरच. वरची बारीक जाळी बहुधा खालच्या निळसर पोषक शिरेतून भरत असते. ती शीर तशीच सोडून जाळी तेवढी जाळली, तर वरचा नळ चालू ठेवून खाली फरशी पुसल्यासारखे होते.

म्हणून लेझरआधी उभ्याने केलेली डॉपलर सोनोग्राफी हवी. निदान पाय जड होणे, ठणकणे, घोट्याशी सूज येणे यांपैकी काही असेल तर ती टाळू नये. शिरांच्या आजाराचे सी-० ते सी-६ असे टप्पे मानतात. १ मिलिमीटरपेक्षा बारीक लाल रेषा व ३ मिलिमीटरपर्यंतच्या निळ्या शिरा सी-१ मध्ये, फुगलेल्या गाठाळ शिरा सी-२ मध्ये. घोट्यावरची कातडी काळवंडली असेल तर रुग्ण सी-४ पर्यंत पोचलेला असतो. तिथे सौंदर्यलेझरचा विषयच नाही.

दुसरे कारण आपल्या कातडीचा रंग. गव्हाळ, सावळ्या व काळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि शिरेसाठी पाठवलेला प्रकाश तेही शोषते. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरने अशा त्वचेला पोळण्याचा व डाग पडण्याचा धोका मोठा. १,०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो व मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, म्हणून सावळ्या त्वचेसाठी तो निवडतात. तरी कातडी थंड ठेवणे आणि ताकद जपून वाढवणे आलेच. गोऱ्या पायांची ‘आधी-नंतर’ छायाचित्रे पाहून मराठवाड्यातल्या पायाबद्दल अंदाज बांधू नये.

मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यात पोलादाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, कापूस व मोसंबीची शेती, ऊसतोड अशी तासन्‌तास उभ्याने करण्याची कामे भरपूर. उभे राहणे हे एकमेव कारण नव्हे; आनुवंशिकता, बाळंतपणे व वजन यांचाही वाटा असतो. तरी अशा माणसाची तक्रार दिसण्याची की दुखण्याची, हे आधी विचारले पाहिजे. दुखण्याची असेल तर त्वचेच्या दवाखान्याआधी शल्यचिकित्सक गाठावा. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधी जवळचे शासकीय महाविद्यालयीन रुग्णालय म्हणजे सुमारे ६० किलोमीटरवरची छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’. इथले ऊनही हिशेबात धरावे. उपचारानंतर पायाला ऊन लागू द्यायचे नसते आणि शिरा इंजेक्शनने बुजवल्या असतील तर घट्ट मोजेही घालावे लागतात. एप्रिल-मेच्या ४० अंशांपुढच्या उकाड्यात ते निभत नाही, शेतात तर नाहीच. दिवाळीनंतरचे महिने त्यासाठी बरे.

इंजेक्शनचा उपचारही निर्दोष नाही. पोलिडोकॅनॉलसारखे औषध टोचल्यावर रक्तातले लोह कातडीत उतरून तपकिरी रेघ राहू शकते, आजूबाजूला लालसर बारीक जाळे उठू शकते. दोन्ही बहुतेकदा वर्षभरात फिकट होतात. लेझरच्या दोन बैठकींतही काही आठवड्यांचे अंतर लागते, तेव्हा पंधरवड्यात निकाल लावणे घाईचे. गर्भारपणात उमटलेल्या शिरा बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप ओसरतात, त्यामुळे त्यांच्यावर लगेच पैसे घालू नयेत. ज्याच्या अंगचीच प्रवृत्ती असते त्याला पुढे नव्या शिरा येत राहतात. हे पहिल्या भेटीतच न सांगणे ही उपचार करणाऱ्याची चूक.

अपेक्षेप्रमाणे गुण आला नाही, एवढ्यावर वैद्यकीय निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. चटका, व्रण, धोके न सांगता घेतलेली सही किंवा पात्रता नसलेल्या माणसाने चालवलेले यंत्र, ही तक्रारीची खरी कारणे. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्यासाठी तारखेसह छायाचित्रे, पावत्या आणि लेझरचा प्रकार व मात्रा नोंदलेला कागद पहिल्या बैठकीपासूनच मागून ठेवावा.