मेकॅनिकल कळफलक निवडताना : बोटांचा, मनगटाचा आणि मराठीचा विचार

संगणक घेताना प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांची चौकशी आपण बारकाईने करतो. कळफलक मात्र सोबत आलेला असेल तोच वापरला जातो. वास्तविक दिवसभर हात ज्या वस्तूवर असतात ती हीच. एक हजार शब्दांचा मजकूर टंकित करायला सुमारे सहा हजार वेळा कळ दाबावी लागते. वृत्तपत्राचे कार्यालय, डीटीपी केंद्र, वकिलाची कचेरी किंवा पंचायतीचे टेबल, कुठेही हा आकडा दिवसाकाठी सहज कित्येक पटींनी वाढतो. त्याच संगणकावर रात्री घरातील मुले खेळ खेळत असतील तर भर आणखी पडते. म्हणून मेकॅनिकल कळफलक घ्यायचा असेल, तर रंगीत दिव्यांआधी आपला हात, आपले टेबल आणि आपली भाषा यांचा विचार करावा.

मेकॅनिकल म्हणजे नेमके काय?

साध्या स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली रबराच्या घुमटांचा एकच थर असतो. घुमट पूर्ण दबून खालच्या पापुद्र्याला टेकला की अक्षर उमटते. त्यामुळे प्रत्येक वेळी कळ तळापर्यंत दाबण्याची सवय बोटांना लागते. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. कळ निम्मे अंतर खाली गेली की संपर्क होतो, तळ गाठावा लागत नाही.

आज प्रचलित असलेल्या स्विचची मूळ रचना जर्मनीच्या चेरी या कंपनीची. तिचे ‘एमएक्स’ स्विच १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात आले. २०१४च्या सुमारास पेटंटची मुदत संपल्यावर गॅटरॉन, कैल, आउटेमू या चिनी उत्पादकांनी त्याच धर्तीचे स्विच मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले आणि किमती उतरल्या. रबरी कळफलकाच्या कळीसाठी उत्पादक साधारणतः ५० लाख ते १ कोटी दाबांचे आयुष्य सांगतात, तर मेकॅनिकल स्विचसाठी ५ ते १० कोटी दाबांचा दावा केला जातो. शिवाय एखादी कळ बिघडली तर तेवढाच स्विच बदलता येतो.

स्विचचे तीन स्वभाव

पहिला प्रकार ‘लिनिअर’. कळ वरपासून खालपर्यंत सरळ, अडथळ्याविना जाते. चेरीचा लाल स्विच हे त्याचे परिचित उदाहरण. तो सुमारे ४५ ग्रॅम दाबाने, २ मिलिमीटरवर नोंद घेतो आणि त्याची पूर्ण खोली ४ मिलिमीटर असते. काळा स्विचही लिनिअरच, पण त्याला सुमारे ६० ग्रॅम दाब लागतो.

दुसरा ‘टॅक्टाइल’. नोंद होण्याच्या सुमारास बोटाला एक लहानसा उंचवटा जाणवतो. अक्षर उमटल्याची खूण स्पर्शानेच मिळत असल्यामुळे कळ जोराने आपटण्याची गरज उरत नाही. तपकिरी स्विच या गटातला.

तिसरा ‘क्लिकी’. स्पर्शाच्या खुणेबरोबर स्पष्ट ‘टक्’ असा आवाजही येतो. निळा स्विच या गटात येतो. जुन्या टंकलेखन यंत्राची सवय असलेल्यांना तो प्रिय वाटतो. मात्र शेजारच्या टेबलावर कोणी फोनवर बोलत असेल किंवा घरात तान्हे मूल झोपले असेल, तर तो घेऊ नये.

हलका की जड, याचे एकच उत्तर नाही. ४५ आणि ६० ग्रॅम यांतला फरक एका दाबाला क्षुल्लक वाटतो, पण सहा हजार दाबांचा हिशेब केला तर तो बोटांना संध्याकाळी कळतो. उलट, बोटे कळांवर टेकवून ठेवण्याची सवय असणाऱ्याला फार हलक्या स्विचवर नको ती अक्षरे उमटण्याचा त्रास होतो. दिवसाचे लेखन आणि अधूनमधून खेळ अशी गरज असेल, तर ४५ ते ५५ ग्रॅमचा टॅक्टाइल किंवा लिनिअर स्विच हा सुरक्षित मध्यममार्ग ठरतो.

आकार : खांद्याचा प्रश्न

पूर्ण कळफलकात १०४ कळा असतात आणि त्याची रुंदी सुमारे ४४ सेंटिमीटर भरते. उजवीकडचा अंकविभाग वगळला की ८७ कळांचा ‘टेनकीलेस’ कळफलक मिळतो, त्याची रुंदी सुमारे ३६ सेंटिमीटर. ‘७५ टक्के’ प्रकारात साधारण ८४, ‘६५ टक्के’मध्ये ६८च्या आसपास, तर ‘६० टक्के’मध्ये ६१ कळा असतात.

अंकविभाग असला की माउस तितका उजवीकडे सरकतो आणि हात दिवसभर शरीरापासून दूर राहतो. खांदा भरून येण्यामागे हे एक कारण असू शकते. हिशेबनीस, बँक कर्मचारी यांना अंकविभाग हवाच. ज्यांचे काम मुख्यतः मजकुराचे आहे, त्यांनी टेनकीलेस किंवा ७५ टक्के घ्यावा. खेळणाऱ्यालाही माउस फिरवायला मोकळी जागा मिळते.

उंची : मनगटाचा प्रश्न

मेकॅनिकल कळफलक साध्या कळफलकापेक्षा उंच असतो. त्याचे मागचे पाय उभे केले की उतार वाढतो आणि मनगट वरच्या बाजूला वाकते. तासन्‌तास ही स्थिती त्रासदायक ठरते. म्हणून पाय मिटलेलेच ठेवावेत, कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहील अशी खुर्चीची उंची असावी. टेबल उंच असून खुर्ची वर होत नसेल, तर कमी उंचीच्या स्विचचा, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कळफलक पाहावा. मनगटाखालची उशी दोन वाक्यांमधल्या विसाव्यासाठी असते. टंकन चालू असताना मनगट तिच्यावर दाबून ठेवू नये.

महागडा कळफलक दुखण्यावर औषध नव्हे, हेही स्पष्ट असावे. बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा, रात्री मनगट ठणकणे अशी लक्षणे असतील, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

मराठी आणि कोकणीसाठी काय पाहावे?

हा विचार इंग्रजीतील खरेदी-मार्गदर्शनात सापडत नाही. रोमन लिपीत टंकून देवनागरी मिळवणाऱ्यांना कोणताही कळफलक चालेल. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना मात्र काही गोष्टी तपासाव्या लागतात. गोव्यात मराठी आणि देवनागरी कोकणी या दोन्हींसाठी हीच मांडणी उपयोगी पडते.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डावीकडे, तर बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. ख, घ, थ, ध, भ, श, ळ ही अक्षरे शिफ्टसह मिळतात आणि ती उजव्या हाताची असल्यामुळे शिफ्ट दाबण्याचा भार डाव्या करंगळीवर येतो. म्हणून डावी शिफ्ट रुंद असलेली अमेरिकी मांडणी सोयीची. युरोपीय मांडणीत ही कळ आखूड असते आणि करंगळीला अधिक लांब जावे लागते. खरेदीच्या वेळी शिफ्टची दोन्ही टोके दाबून पाहावीत. ती डुगडुगत किंवा खडखडत असेल तर तो कळफलक मराठीसाठी नको.

दुसरी गोष्ट ‘य’ची. तो तिरक्या रेघेच्या कळीवर, उजव्या शिफ्टशेजारी असतो. काही लहान कळफलकांत बाणांच्या कळा बसवण्यासाठी नेमकी हीच कळ हलवलेली किंवा दुहेरी कामाला लावलेली असते. इंग्रजी लिहिणाऱ्याचे तिच्यावाचून फारसे अडत नाही, मराठीत मात्र ‘य’शिवाय एक परिच्छेदही पुरा होत नाही. त्याचप्रमाणे त्र, ज्ञ, क्ष, श्र ही जोडाक्षरे अंकांच्या ओळीवर शिफ्टसह मिळतात, त्यामुळे अंकांची ओळच नसलेला अतिलहान कळफलक टाळावा.

खेळासाठी

एकाच वेळी अनेक कळा दाबल्या तरी प्रत्येकीची नोंद होणे, म्हणजे ‘एन-की रोलओव्हर’, ही पहिली अट. सेकंदाला १,००० वेळा संगणकाला माहिती देणारा कळफलक घरगुती खेळाला पुरतो. वायरलेस हवा असेल तर खेळासाठी २.४ गिगाहर्ट्‌झचा रिसीव्हर आणि कार्यालयीन कामासाठी ब्लूटूथ, अशी दुहेरी सोय असलेला घ्यावा.

चुंबकीय म्हणजे ‘हॉल इफेक्ट’ स्विच आता लोकप्रिय होत आहेत. त्यांत कळ किती खोलीवर नोंद घेईल हे सॉफ्टवेअरमधून ठरवता येते. लेखनासाठी २ मिलिमीटर आणि खेळासाठी त्याहून कमी, असे दोन संच ठेवता येतात. दिवसा काम आणि रात्री खेळ करणाऱ्यांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. मात्र कळफलकाच्या साहाय्याने हालचाली आपोआप घडवण्याला काही खेळांत मनाई आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४मध्ये असा निर्बंध घातला.

दमट हवा आणि देखभाल

किनारपट्टीवरील खारट, दमट हवा धातूच्या संपर्कबिंदूंना मानवत नाही. काम संपल्यावर कळफलक झाकून ठेवावा. स्विचमध्ये कोणताही द्रव फवारू नये. कीकॅप, म्हणजे कळीवरची टोपी, चिमट्याने काढून महिन्या-दोन महिन्यांनी कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. एबीएस प्लास्टिकच्या टोप्या वापराने गुळगुळीत व चकचकीत होतात, तर पीबीटीच्या अधिक काळ टिकतात. सोल्डर न करता स्विच बदलता येणारा ‘हॉट-स्वॅप’ कळफलक आपल्या हवामानात विशेष सोयीचा. एखादा स्विच बिघडला तर घरीच बदलता येतो.

पैसे देण्यापूर्वी

सुरुवातीचे मेकॅनिकल कळफलक दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतात. त्यापुढचा पैसा दिव्यांवर जातो की स्विच, टोप्या आणि बांधणीवर, हे विचारून घ्यावे. शक्य असेल तर परिचिताच्या कळफलकावर दहा मिनिटे सलग मराठी मजकूर टंकून पाहावा. दुकानात चार कळा दाबून आवाज कळतो, थकवा कळत नाही. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत वाचावी आणि ती संपण्याआधी एक पूर्ण दिवसाचे काम त्यावर करावे. नव्या कळफलकावर पहिले तीन-चार दिवस चुका वाढतात, ते स्वाभाविक आहे. आठवड्यानंतरही बोटे अडखळत असतील किंवा मनगट कुरकुरत असेल, तर तो कळफलक इतरांनी कितीही वाखाणला असला तरी आपला नव्हे.