फिरंगी पाते, देशी मूठ

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधल्या सदबीजच्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार आली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपये मोजून परत आणली. तिचे पाते युरोपीय घडणीचे, मूठ मुल्हेरी घाटाची आणि तिच्यावर सोन्याचे काम. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असे कोरले आहे. यातला शेवटचा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. शाहू महाराजांनी दिलेला किताब मिरवणाऱ्या सरदाराने आपल्या नावाशेजारीच पाते परदेशी असल्याचे सोन्यात लिहून ठेवले. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आज मात्र जुन्या कट्यारीवर परकी छाप दिसली किंवा पाते मागाहून जोडलेले दिसले की ‘हे अस्सल नव्हे’ असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते. हा न्याय चुकीचा आहे. आपल्याकडच्या हत्यारात जोड हा बहुतेक वेळा त्याच्या इतिहासाचा पुरावा असतो, आणि किंमत ठरवायची तर आधी तो जोड वाचावा लागतो.

नागपूरजवळच्या पारशिवनीसारख्या ठिकाणी हे ध्यानात ठेवणे जास्तच गरजेचे आहे. हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा, पुढे इंग्रजांचा. शेजारी रामटेकचा गड. तालुक्यातले कन्हान गाव नदीच्या ज्या काठावर आहे, त्याच्या समोरच १८२१ साली कंपनीने कामठीची छावणी वसवली. म्हणजे इथल्या एखाद्या जुन्या वाड्यातल्या पेटीत गोंडी सुरा, मराठी बिचवा आणि गोऱ्या अधिकाऱ्याचा गणवेशाचा खंजीर एकाच फडक्यात गुंडाळलेले निघाले, तरी त्यात नवल नाही. त्यात नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले तेव्हा डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर भोसल्यांचे हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. दरबारी हत्यारेही अशाच वाटांनी पांगली. कुणाचे पाते तुटले, कुणाची मूठ सुटली, कुणी दोन हत्यारांचे एक केले.

कट्यार म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वाकडा खंजीर येतो. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच, पण त्या नावाने घराघरांत पोचलेल्या कट्यारीचा घाट मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या. त्या दांड्या मुठीत धरायच्या आणि ठोसा मारल्यासारखे पाते सरळ पुढे जाते. शेल्यात खोवून दरबारात मिरवायचीही हीच. दक्षिणेत, विशेषतः तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातून आलेल्या कट्यारींत, पाते अनेकदा युरोपीय तलवारीचा कापलेला तुकडा असतो. तो दोन पाकळ्यांमध्ये बसवून रिव्हेट ठोकलेले असतात. त्या आज संग्रहालयांत मानाने मांडलेल्या आहेत. त्यांना कुणी जोडकाम म्हणून हिणवत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जोड चालतो म्हटले तर उद्या कुणीही जुन्या मुठीला नवे पाते ठोकून विकेल. आक्षेप खरा आहे, आणि तसे विकणारेही आहेत. पण जुना जोड आणि नवा जोड भिंगाखाली वेगळे दिसतात. जुन्या रिव्हेटचे डोके मुठीइतकेच झिजलेले असते आणि सांधीत साचलेला काळपटपणा दोन्ही भागांवर सारखा असतो. नव्या जोडात रिव्हेट चकचकीत दिसतो, नाहीतर तेजाबाने काळा केलेला असतो आणि तो काळेपणा सांधीच्या आत पोचलेला नसतो. सोन्याची परीक्षाही तशीच. कोफ्तगिरीत लोखंडावर आधी बारीक उभ्याआडव्या रेघा ओरखडून त्यांच्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकतात. त्यामुळे सोने जिथे झिजले तिथे त्या रेघांची जाळी उघडी पडते. मुलामा दिलेल्या हत्यारावर ही जाळी नसते. पात्यावरची पाण्यासारखी नक्षी खऱ्या पोलादात आरपार असते. नुसती तेजाबाने उठवलेली नक्षी घासली की जाते.

परकी छाप हाही स्वतःपुरता पुरावा नाही, आणि इथे मी माझ्याच म्हणण्याला एक मर्यादा घालतो. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन नाव असंख्य पात्यांवर मारले. जेनोव्याच्या अर्धचंद्री छापेची नक्कल हिंदुस्थानातही झाली. विसाव्या शतकात त्याच झोलिंगेनमध्ये जर्मन सैन्याचे गणवेशाचे खंजीर बनले, आणि आज संग्राहकांच्या बाजारात त्यांच्या नकलांचा सुळसुळाट आहे. तिथला जाणकारही आधी सांधा, मग झीज आणि शेवटी छाप बघतो.

दुसरा आक्षेप घरच्या लोकांचा: आमच्या आजोबांनी सांगितलेली कथा पुरावा नाही का? आहे, पण ती हत्याराशी जुळली तरच. पणजोबांनी सीताबर्डीत चालवलेली म्हणून दाखवलेली कट्यार दाबल्यावर कात्रीसारखी उघडत असेल, तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकात हौसेखातर, बऱ्याचदा गोऱ्या गिऱ्हाइकासाठी, घडवलेली असते. उलट एखादा वाटणीपत्राचा कागद, जुना फोटो किंवा कापडी म्यानावरची चिठ्ठी कथेला आधार देते आणि किमतीलाही.

सगळ्यांत मोठे नुकसान मात्र घरातच होते. खंडेनवमीला शस्त्रे काढून लिंबू, राख, पॉलिश पेपर लावून लखलखीत केली जातात. भावना शुद्ध असते. पण ज्या काळपटपणावरून, ज्या झिजलेल्या सोन्यावरून वय ओळखायचे, तेच त्या घासण्यात जाते आणि ते परत आणता येत नाही. कायदाही ठाऊक असावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात किंवा विहिरीत गाडलेले सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

तेव्हा पारशिवनीत किंवा आसपास कुणाच्या घरी अशी कट्यार असेल, तर यंदाच्या खंडेनवमीला तिच्या म्यानाला हळदकुंकू लावा, पाते घासू नका. सांध्याचे, पाठीचे आणि मुठीचे फोटो काढून ठेवा, आणि नागपूरला गेलात की १८६३ पासून उभ्या असलेल्या अजब बंगला संग्रहालयातल्या हत्यारांशी ते ताडून पाहा.